चार दिवसांची कवळी

दंतोबाला माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही, दात राहतात. रस्त्यात कुणी हात केला की हा आधी तोंडाकडे बघणार, मग ओळख देणार. समोरचा हसला नाही तर पंचाईत. सख्ख्या मामेभावाशी तो एकदा अर्धा तास अहो-जाहो करत बोलला. मामेभावाने जांभई दिली तेव्हा कुठे "अरे, तू होय!" म्हणून मिठी मारली.

धंदा कवळ्या बनवण्याचा. लॉण्ड्रीच्या वर दोन खोल्या. जिना इतका अरुंद की चढणाऱ्याने आणि उतरणाऱ्याने आधी ओरडून ठरवायचं, कोण थांबतंय. पुढच्या खोलीत टेबल, मान वाकवता येणारा दिवा, पॉलिशचं फिरतं चाक आणि शेगडीवर कायम गरम पाण्याचं पातेलं. तीन भिंतींना फळ्या, फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख. गावातली निम्मी म्हातारी मंडळी तिथं आ वासून बसलेली. दंतोबाची बायको त्या खोलीत पाय ठेवत नाही. "एवढे जण एकदम माझ्याकडे बघून तोंड उघडतात," ती म्हणते, "वाटतं सगळ्यांना वाढायचं राहिलंय."

दंतोबाचं काम बिनतोड. त्याची कवळी घालून माणसं मक्याची कणसं फोडतात. पण एक नियम होता. कवळी नवी असो, मोडलेली असो, नुसती ढिली झालेली असो, मिळणार चार दिवसांनी. पाचव्या दिवशी सकाळी दहाला या. कितीही गळ घाला, हातापाया पडा, चार म्हणजे चार. सासूबाईंना त्याने चार दिवस पेजेवर ठेवलं होतं. त्या अजून जावयाचं नाव काढलं की ओठ मुडपतात. आणि बायकोचा भाऊ, म्हणजे त्याचा मेव्हणा, धंद्याने नळवाला, त्याचे तर पुढचे दोन दात मुलीच्या लग्नाच्या तीन दिवस आधी पाइपाचा पाना लागून गेले. भाऊजी घरचेच, म्हणून तो निर्धास्त. भाऊजी म्हणाले, चार दिवस. लग्नाच्या सगळ्या फोटोंत मुलीचा बाप ओठ घट्ट मिटून उभा आहे. बघणाऱ्याला वाटतं, जावई पसंत नव्हता.

तर हा दंतोबा, हा मेव्हणा, दंतोबाची थोरली बहीण आक्का आणि शाळेपासूनचा दोस्त भोंगा, अशी चौघांची टोळी हिवाळ्यात एक सुट्टी नदीवर काढते. आक्का शाळेत नर्स होती. गुडघे फुटलेली पोरं आयुष्यभर सांभाळल्यामुळे जगातल्या सगळ्यांशीच ती गुडघा फुटल्यासारखं बोलते. भोंगा बसस्थानकावर घोषणा करतो. एकोणतीस वर्षं त्या काचेच्या केबिनमध्ये बसून त्याने गाड्या आणल्या आणि सोडल्या. आवाज असा की झोपलेला प्रवासी उठून नेमक्या आपल्याच फलाटावर जाऊन उभा राहावा.

होड्यांचा एक क्लब बंद पडला तेव्हा चार जुन्या प्लॅस्टिकच्या कयाक, म्हणजे एकेकट्याने वल्हवायच्या होड्या, या टोळीने उचलल्या. रुंद, जाडजूड, पोटाला ओरखडे पडलेल्या. त्या लॉण्ड्रीच्या मागच्या शेडमध्ये चादरींच्या गठ्ठ्यांशेजारी उभ्या असतात. नदी भरती-ओहोटीची. सकाळी भरतीबरोबर वर जायचं, वल्हं नुसतं पाण्याला लावायचं, पाणीच नेतं. वरच्या जुन्या धक्क्यावर अंडी-पाव खायचा, चहा प्यायचा, गप्पा ठोकायच्या आणि ओहोटी लागली की तिच्या पाठीवर बसून घरी यायचं. यात कष्ट असे नाहीतच. मेव्हणा म्हणतो, हा एकच खेळ असा आहे ज्यात नदी घाम गाळते आणि आपण दमल्याचं सांगतो.

या वर्षीच्या फेरीला एक कारण जास्तीचं होतं. दुसऱ्या दिवशी भोंग्याची नोकरीतली शेवटची सकाळ होती. त्यानंतर केबिनमध्ये यंत्र बसणार होतं, कुठल्यातरी बाईचा भरून ठेवलेला आवाज. भोंग्याने साहेबाकडे एकच मागणं मागितलं होतं: सात ते आठ, शेवटचा तास, मीच बोलणार. बायको, मुलगी, नात ऐकायला येणार होत्या. ड्रायव्हर लोकांनी सांगून ठेवलं होतं की तुझ्या तोंडून नंबर ऐकल्याशिवाय आम्ही गाडी हलवणार नाही.

सकाळी नदीवर धुकं होतं, पाणी राखेच्या रंगाचं. आक्काने दोन स्वेटर घातले होते, वरून तरंगायचं जाकीट, त्यामुळे ती कयाकमध्ये बसली नाही, बसवली गेली. मेव्हण्याने मागून ढकललं.

"हळू रे! मी काय पाण्याची टाकी आहे?"

"टाकी असती तर बरं होतं आक्का, टाकीला कडी असते धरायला."

भोंगा सगळ्यात पुढे. त्याची उद्याची तालीम सुरू झाली होती. दिसेल त्याची घोषणा. "कृपया लक्ष द्या. किनाऱ्याकडून येणारा बगळा आपल्या नियोजित वेळेपेक्षा दहा मिनिटं उशिरा धावत आहे." मग, "आक्का नावाची जलद सेवा आज सर्व थांबे घेईल." आक्काने वल्ह्याने त्याच्यावर पाणी उडवलं. "प्रवाशांनी सेवेशी गैरवर्तन करू नये," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

दंतोबा मागे रेंगाळत होता आणि ऐकत होता. त्याला भोंग्याच्या बोलण्यात काय आहे याच्याशी कर्तव्य नव्हतं. तो आपलं काम ऐकत होता. वरची अख्खी कवळी, सात वर्षांपूर्वीची.

"टकटक वाजतेय," तो ओरडला. "ढिली झालीय. सहा महिने सांगतोय, आणून दे म्हणून."

"आणून देऊ आणि चार दिवस करू काय? माईकपुढे हिरड्या दाखवू?"

"मग शिंकताना धर."

"तूच म्हणाला होतास ना, वादळात घर उडेल पण कवळी जागची हलणार नाही?"

"घराबद्दल बोललो होतो. नाकाबद्दल नाही."

वरच्या धक्क्यावर चहा झाला, पाणी थबकलं, मग सुस्तपणे उलटं फिरलं. दहाच्या सुमारास टोळी परत निघाली. आता ऊन पडलं होतं, टोप्या निघाल्या होत्या. नदीच्या वळणावर काठाजवळ पाणी कमरेइतकं असेल, तिथे भोंग्याला उद्याचं शेवटचं वाक्य सुचलं. त्याने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं, छाती भरून घेतली आणि म्हणाला, "सात सत्तावन्नची सागरमार्गे जाणारी जलद बस सहा नंबरच्या फलाटावरून..."

आणि शिंकला.

शिंक साधी नव्हती. बगळा उडाला. भोंग्याच्या तोंडातून काहीतरी गुलाबी-पांढरं बाहेर आलं, उन्हात चमकलं आणि चार हातांवर टुपकन पाण्यात गेलं. भोंगा त्या जागेकडे बघत राहिला. ओठ आत गेले होते, वय एकदम दहा वर्षांनी वाढलं होतं.

"गेली," तो म्हणाला. म्हणाला म्हणजे बाकीच्यांनी समजून घेतलं.

मेव्हण्याला आधी हसू फुटलं. इतकं की त्याची कयाक डुलायला लागली. मग त्याला उद्याची सकाळ आठवली आणि हसू अर्ध्यातच अडकलं.

आक्काने ताबा घेतला. "कुणी जागा सोडू नका. तो खांब आणि ते वाकडं झाड एका रेषेत आहेत. पाणी ओसरतंय. दीड तासात इथे चिखल उघडा पडेल. तेव्हा शोधू. तोपर्यंत कुणी उतरून गाळ ढवळू नका."

चांगला सल्ला होता. तो दंतोबाने ऐकला नाही. तो सरळ कयाकवरून पाण्यात उतरला. हिवाळ्याचं पाणी, कमरेपर्यंत! तोंडातून एक आवाज निघाला, जो कुठल्याच भाषेत बसत नाही, आणि दोन्ही हात बुडवून तो तळ चाचपायला लागला.

आक्का बघतच राहिली. हा तिचा भाऊ. घरात खाली पडलेली पेन्सिल उचलायला वाकायचं म्हटलं तर दुसरी पेन्सिल आणतो. दुपारी एक ते चार झोपतो आणि त्या वेळेत घराला आग लागली तरी सावकाश लावा म्हणेल. तो मित्राच्या दातांसाठी थंडगार पाण्यात कमरेपर्यंत उतरला!

"याला म्हणतात दोस्ती," मेव्हणा हळवा होऊन म्हणाला.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या घडीला फक्त दंतोबाला ठाऊक होती. कवळीला चार दिवस लागत नाहीत. सहा तास लागतात. ठसा घ्यायचा, साचा ओतायचा, मेणात दात बसवायचे, मेण काढून गुलाबी लगदा भरायचा, गरम पाण्यात शिजवायचा, थंड झाला की घासून-पुसून मोकळं. सकाळी बसलं तर दिवस मावळायच्या आत कवळी माणसाच्या तोंडात. बाकीचे तीन दिवस कवळी कपाटात पडून असायची आणि दंतोबा पलंगावर. ही शिकवण त्याच्या उस्तादाची. काम लगेच दिलं की लोकांना ते सोपं वाटतं, आणि सोपं वाटलं की रोज एक तक्रार घेऊन जिना चढतात. सव्वीस वर्षं त्याने हे गुपित बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

म्हणजे कवळी गाळात सापडली तर सगळं जिथल्या तिथे. नाही सापडली तर दोनच वाटा. एक तर भोंग्याची सकाळ गेली, नाहीतर सव्वीस वर्षांचे चार दिवस गेले. म्हणून तो चाचपत होता.

पाणी उतरत गेलं. काठ वर आला, चिखल उघडा पडला, काळा, गुळगुळीत, पोट सुटल्यासारखा फुगलेला, चकाकणारा. चौघं कामाला लागले. पाय टाकला की गुडघ्यापर्यंत रुतायचा, म्हणून कयाकवर पोटावर झोपून, हातांनी चिखल मागे सारत, सरपटत फिरायचं. लांबून कुणी पाहिलं असतं तर चार मगरी म्हातारपणाला पोहोचल्यात असंच वाटलं असतं.

"सापडली!" मेव्हणा ओरडला.

सगळे थांबले. त्याने हात वर केला. हातात शिंपला होता.

"भाऊजी, हा बसवून बघता का? रंग जुळतोय."

"तुझ्या तोंडात बसवतो आधी," दंतोबा म्हणाला. त्याच्या कानात चिखल होता.

एक चमचा सापडला, एका चपलेचा अंगठा, मुठीएवढा दिवा, आणि एक खेकडा, त्याला मात्र मेव्हणाच सापडला. कवळी काही हाती लागेना. हलकी चीज, ओहोटीने कुठे लोटली असेल कोण सांगणार. पाणी आता मधल्या धारेपुरतं उरलं होतं. आक्काने घड्याळ पाहिलं. "अजून पंधरा मिनिटं. मग आपण निघालो नाही तर नदीच निघून जाईल. संध्याकाळच्या भरतीपर्यंत इथेच बसावं लागेल, बेडकांसारखं."

दंतोबा ऐकायला तयार नव्हता. तिसऱ्यांदा तोच पट्टा उकरत होता. शेवटी भोंगाच त्याच्याजवळ सरपटत आला. चिखलाने माखलेला, गाल आत गेलेले.

"हाऊ दे," तो म्हणाला. म्हणजे, जाऊ दे. मग जरा सावकाश, एकेक अक्षर जुळवत, त्याने सांगितलं की उद्या साहेबाला निरोप देऊ. त्या यंत्रातल्या बाईला जरा आधी बसवतील. काय बिघडतं. लोकांना गाडी मिळाल्याशी मतलब.

भोंगा आपल्याच मनाशी, बघू तरी येतं का म्हणून, हळूच पुटपुटला, "फात फत्तावन्नची..." आणि थांबला. परत एकदा प्रयत्न केला. नाही आलं. त्याने हाताच्या पाठीने नाक पुसलं आणि चिखल गालभर झाला. या वेळी मेव्हणाही हसला नाही.

दंतोबा चिखलात बसला. दोन्ही हात बघितले. मग भोंग्याच्या तोंडाकडे बघितलं, नेहमीसारखं, दाताच्या जागी.

"संध्याकाळी सातला घेऊन जा," तो म्हणाला.

"काय?" आक्का म्हणाली.

"कवळी. सातला होईल. आत्ता निघालो तर."

"पाचव्या दिवशी सातला?" मेव्हण्याने विचारलं.

"आज. सहा तास लागतात."

चिखलात कुठेतरी बुडबुडा फुटला. मेव्हणा कयाकवर हळूहळू उठून बसला. हिशेब जुळत चालला होता, चेहऱ्यावर दिसत होतं.

"भाऊजी."

"हां."

"माझे दोन दात होते. दोनच."

"हां."

"मुलीच्या लग्नाला तीन दिवस होते."

"अरे, ते जरा मुरावं लागतं..."

"दारू आहे का मुरायला? दोन दात! विहिणीने मला विचारलं, तुम्हाला आमच्याकडचं काही खटकलं का! व्हिडिओवाला शेवटपर्यंत सांगत होता, काका, स्माइल! सहा तास?"

"दोन दातांना सहा नाही," दंतोबा खरं बोलून गेला. "तीन."

तेव्हा मेव्हण्याने जो चिखल फेकला तो दंतोबाच्या छातीवर बसला. दुसरा आक्काने फेकला. तिच्या दोन खोट्या दाढांची पट्टी मागल्या वर्षी त्याच्याकडे होती, आणि या भावासाठी तिने चार दिवस मऊ भात खाल्ला होता, त्यात तीन दिवस "घाई नको हं, नीट कर" असं स्वतःच सांगितलं होतं. सगळ्यात उशिरा भोंग्याच्या ध्यानात आलं, की सहा महिन्यांपूर्वी कवळी दिली असती तर संध्याकाळी परत मिळाली असती आणि आज शिंक आली तशी गेली असती. तो काहीतरी खूप मोठं बोलला. एक अक्षर कळलं नाही, पण आक्काने कानावर हात ठेवले.

मग टोळी निघाली ती आरामात नव्हे. ओहोटीची धार ओढत होती, वर मेव्हणा मागून वल्हं मारत ओरडत होता, "चला भाऊजी! मुरू नका! हाणा!" दर पन्नास हातांवर दंतोबाच्या पाठीवर गार पाण्याचा फवारा येत होता. सव्वा वाजता धक्का लागला. कयाक तशाच उताण्या टाकून चौघं चिखलासकट जिना चढले. लॉण्ड्रीवाल्याने धुतलेल्या चादरी पोटाशी धरून भिंतीला पाठ लावली.

मेव्हणा दाराजवळ स्टूल टाकून घड्याळ घेऊन बसला आणि उठला नाही. "ठसा: वीस मिनिटं," तो मोठ्याने सांगायचा. "साचा सुकतोय. आता झोपू नका." दंतोबाला चार दशकांत पहिल्यांदा दुपारची झोप चुकली. दात मेणात बसवताना मात्र त्याचा हात जराही हलला नाही. भोंगा समोर बसून आ करत होता, मिटत होता. लगदा शिजत असताना आक्काने बायकोला वर बोलावलं आणि सगळं सांगितलं. बायको प्लॅस्टरच्या जबड्यांकडे बघत म्हणाली, "आईला पेज पाजली तुम्ही," आणि खाली निघून गेली. जेवायला बोलवायला ती आली नाही.

सात वाजून दहा मिनिटांनी कवळी तोंडात बसली. भोंग्याने आरशात बघितलं, जीभ फिरवली. "सात सत्तावन्न," तो म्हणाला. आणि परत म्हणाला. आणि जिन्यावरून उतरताना प्रत्येक पायरीला म्हणत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्थानकावर थंडीने वाफा सोडणारी माणसं, पेपरवाला, गाड्यांचा धूर. भोंग्याची नात आईच्या खांद्यावर. आमची मंडळी खांबाशी उभी. आवाज सुरू झाला तसे दोन ड्रायव्हर खाली उतरून टोपी काढून उभे राहिले. नंबर पडत होते, फलाट पडत होते, सगळं स्वच्छ.

दंतोबाचे डोळे मिटलेले होते. अचानक त्याने कान टवकारला.

"शीळ येतेय."

"कसली शीळ?" आक्का म्हणाली. "मस्त बोलतोय."

"'स'ला. बारीक. पुढच्या दोन दातांच्या मागे जाडी राहिलीय." आणि खिशातून कानस काढून तो केबिनच्या जिन्याकडे पळाला. पळाला! मेव्हण्याने आयुष्यात प्रथमच भाऊजींना पळताना पाहिलं.

सात चाळीस ते सात बावन्न बसस्थानक गप्प होतं. काचेतून दिसत होतं, भोंगा तोंडावर रुमाल धरून बसलाय आणि दंतोबा खिडकीशी पाठमोरा उभा राहून घासतोय. खाली एक बाई विचारत होती, सहा नंबरला कुठली गाडी? मेव्हणा सांगत होता, "थांबा बाई, आवाज पॉलिशला गेलाय."

दंतोबा धापा टाकत खाली आला, खांबाला टेकला, डोळे मिटले. वर माईक खरखरला.

"कृपया लक्ष द्या. सात सत्तावन्नची सागरमार्गे जाणारी जलद बस सहा नंबरच्या फलाटावरून सुटेल. तसेच सर्व प्रवाशांना सस्नेह सूचना. स्टेशन रस्त्यावरील लॉण्ड्रीच्या वर सर्व प्रकारच्या कवळ्या आजपासून सहा तासांत, सकाळी दिल्यास संध्याकाळी, हमखास मिळतील. सूचना समाप्त."

दोन-तीन म्हाताऱ्यांचे हात आपोआप तोंडाकडे गेले. मेव्हणा पोट धरून, बत्तीसच्या बत्तीस दाखवत हसत होता.

दंतोबाचे डोळे अजून मिटलेलेच होते. चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"बघ," तो आक्काला म्हणाला, "एका 'स'ला शीळ नाही."